पालखीपुढे सांगायचं नाव

आप्पा मृदंगावर बसले की डोळे मिटून घ्यायचे. अलीकडे मिटले काय नि उघडे ठेवले काय, सारखंच झालं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून बसलेला. मुलगा म्हणायचा, काढून घेऊ, आप्पा म्हणायचे, "शिमगा होऊ दे." असे किती शिमगे झाले, मोतीबिंदू आपला जागेवर. पण कान! पायांच्या आवाजावरून माणूस ओळखावं तर आप्पांनीच. एकदा नवे ग्रामसेवक खळ्यात आले, तोंडातून शब्द काढायच्या आत आप्पा म्हणाले, "साहेब, डावी चप्पल चावतेय वाटतं." साहेब खाली बसून टाच बघायला लागले.

म्हणून त्या दिवशी दिवेलागणीला, देवळामागच्या खळ्यात नमनाची तालीम चालू असताना आप्पांनी मधेच हात थांबवला आणि अगदी रोजच्या सुरात म्हणाले, "धाकू, दम घे रे जरा. घाई कसली?" तेव्हा टाळ धरलेल्यांचे टाळ तसेच राहिले. कारण धाकू गेल्याच्या गेल्या सालीच वारला होता.

खळ्याच्या मधोमध उभी होती ती चिमा. धाकूची बायको.

आप्पांना चूक उमगली तशी त्यांनी मृदंगावरून हात फिरवला, जणू काही सांडलेलं पुसतायत. म्हणाले, "चिमे, तू हायस होय?"

"मीच हाय, आप्पा."

"पाय तुजेच ना?"

चिमाने पदर सारखा केला. आणि तो तिने ज्या दोन बोटांनी केला, ते बघून मागे उभ्या असलेल्या एकाने गळ्यातला ताईत चाचपला.

आता ही चिमा कोण, ते सांगायला हवं. रत्नागिरीच्या आत, कातळी सड्याच्या पलीकडच्या वाडीतली ही बाई. पहाटे उठून टेम्पोतून मिरकरवाड्याला जायची, कोळंबी सोलायला. दिवसभर बर्फात हात, पाय ओल्या फरशीवर. संध्याकाळी परत आली की हातांना वास असा, की मांजर उंबऱ्यापासून मागे लागे. नवरा मुंबईला गोदामात हमाल. वर्षातून दोनदा गावी यायचा, गणपतीला आणि शिमग्याला. गणपतीत घरात तो नवरा असे. पण शिमग्यात? शिमग्यात धाकू आला की दुसऱ्या दिवसापासून राधा होई.

आमच्याकडचं नमन म्हणजे काय ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. मृदंग, टाळ, गण, संकासुर, आणि मग गवळणी. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या, कृष्ण वाट अडवतो, मावशी पेंद्याला शिव्या घालते, लोक पोट धरून हसतात. पण गवळणी झाल्या तरी सगळे बापयेच. पूर्वापार तसंच. बायका बाजूला बसून बघणार. आणि धाकूची राधा अशी, की बायकाच आपापसात म्हणायच्या, आपल्यातल्या एकीला तरी अशी चालता येते का?

तो एकदा खेळ घेऊन दाभोळला गेला होता. खेळाआधी यजमानीणबाईंनी राधेला बघितलं, वाटलं खरंच कोणी पाहुणी आलीय, दमलीय बिचारी. हाताला धरून थेट स्वयंपाकघरात नेलं. सोंगात असताना सोंग मोडायचं नाही म्हणून धाकू बसला आपला विळीवर नारळ खवत. बायका बोलायला लागल्या. कोणाचा नवरा पितो, कोणाची सासू मिठाचा डबा मोजते. धाकू मान डोलावतोय, मधेच "अगं बाई!" म्हणतोय. खेळ संपल्यावर टोप काढून तोच धाकू पाणी मागायला आला, तेव्हा घरच्या म्हातारीने उलथनं घेऊन त्याला पार बंदरापर्यंत पिटाळला. तो ही गोष्ट दर शिमग्याला सांगे, आणि दर शिमग्याला म्हातारी जास्त लांबपर्यंत धावे.

तालीम घरच्या पडवीत चाले. चिमा कंदील धरायची, लुगडं नेसवायची, निऱ्या काढायची. घरातला आरसा तळहाताएवढा. त्यात एकतर कुंकू दिसे, नाहीतर नाक. म्हणून धाकू तिलाच विचारी, "बघ गो, बाई वाटते का?"

"माज्यापेक्षा जास्त," चिमा म्हणायची. आणि खोटं नव्हतं ते. शिमग्याच्या आधी महिनाभर तो हातांना ग्लिसरीन लावी. तिचे हात बर्फाने फाटलेले. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पण हिशेबच करायचा तर नवऱ्याला तिने डोळे भरून पाहिलं ते बाईच्या वेषात. राधेची टाच कधी टेकते, कंबर कुठल्या मात्रेला वळते, मान कृष्णासमोर कशी खाली जाते, हे तिच्याइतकं जवळून कोणी बघितलं नव्हतं. आणि घरी तो नसताना, अकरा महिने, रिकाम्या पडवीत तिने ते करून बघितलं नव्हतं असं नाही. दार लावून.

मग एका सकाळी परळच्या खोलीत धाकू झोपेतून उठला नाही. गावात आला तो रुग्णवाहिकेतून. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. चिमा रडली नाही. शेजारची यमुनाबाई घाबरली, म्हणाली, "रड गो बाय, नायतर आत साचतं." पण चिमाला रडूच येईना. नवरा घरात नाही ह्यात नवीन काय? शिमगा आला की येईल, असंच शरीराला वाटत होतं.

आणि आलाच तो.

पहिल्यांदा मिरकरवाड्याला. कोळंबीची टोपली डोक्यावर घेऊन शेडमधून चालताना मागच्या बायका ओरडल्या, "चिमे, मथुरेला निघालीस काय गो?" चिमा थांबली. टोपली खाली ठेवली. परत उचलली आणि मुद्दाम ढोपरं टाकत चालली. पण चार पावलांवर टाच पुन्हा तशीच टेकली, अलगद, आधी बाहेरची कड आणि मग आतली. मग बर्फात हात असताना बोटं आपली आपण वळायला लागली, पदर उचलल्यासारखी. कधी पडवीत झाडू मारताना ग्लिसरीनचा नि बिडीचा मिळून एक वास यायचा. बाईच्या वेषातला धाकू गुपचूप बिडी ओढायचा, तोच वास. ती मागे वळून बघत नसे. भीती वाटायची म्हणून नव्हे. वळलं आणि कोणी नसलं तर, म्हणून. जिवंत होता तेव्हा अकरा महिने नसायचा. मेल्यावर रोजचा झाला.

इकडे नमनाचे हाल. धाकू गेल्यापासून दोन पोरं राधा म्हणून उभी केली. एकाची मिशी जाईना, दुसरा लाजून हसत सुटे. लोक उठून वडे खायला जाऊ लागले. शेवटी बायकांनीच विषय काढला. आसपासच्या गावांत बायकांची नमनं उभी राहिली होती, त्यांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरत होते. यमुनाबाई बैठकीत पदर खोचून म्हणाली, "राधा हवीय ना? ती रोज टेम्पोतून जाते-येते." कृष्ण झालेला ऋत्विक, कॉलेजातला पोरगा, तेवढा घाबरला. म्हणाला, "चिमाकाकी, तुम्ही मला लहानपणी धुतलंय. तुमची वाट कशी अडवू?"

"धुतलंय म्हणूनच सांगते, नीट अडव," चिमा म्हणाली.

तालीम लागली. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी आप्पा चुकून धाकूचं नाव बोलून गेले.

गोष्ट भागोजींपर्यंत जायला कितीसा वेळ? भागोजी म्हणजे गावकर, पालखीचे मानकरी, देवीपुढे गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनीच. माणूस वाईट नाही. कोणाच्या घरी आजार असला तर रात्री-अपरात्री धावेल. पण देवीच्या कामात एक अक्षर इकडचं तिकडे होऊ देणार नाही. ते स्वतः तालमीला आले, दगडी चिऱ्यावर बसले आणि चिमाचा पूर्ण प्रवेश बघितला. बघता बघता त्यांच्या अंगावर काटा आला, तो त्यांनी हाताने दाबला.

प्रवेशात एकच जागा वेगळी पडली. कृष्ण आडवा येतो तिथे धाकूची राधा मान खाली घालून लाजायची, त्यावर हमखास शिट्ट्या पडायच्या. चिमाची मान खाली गेली नाही. तिने ऋत्विककडे सरळ बघितलं. बघतच राहिली. आप्पांचा हात एक मात्रा मागे पडला.

"धाकू असा बघायचा नाय," भागोजी म्हणाले. आणि मग त्यांनी आपला निकाल सांगितला.

"सहाणेवर, पालखीपुढे, बाईमाणूस कदी नाचलेली नाय. ती रीत माज्या हातून मोडायची नाय. पण आप्पांच्या कानाला मी खोटं कसं म्हणू? मीही बघितलं आता. हा धाकूच. बायकोच्या अंगात येऊन नाचतोय. मग नाचतोय कोण? बापयाच! तर अडचण नाय. मी गाऱ्हाण्यात तसं घालतो. फक्त सोंग उतरवताना नाव धाकूचं सांगायचं."

सोंग उतरवणं हा ह्या वाडीचा रिवाज. खेळ संपला की गवळणीने सहाणेवर, म्हणजे चौथऱ्यावर बसवलेल्या पालखीपुढे, जायचं, केसांचा टोप काढून हातात घ्यायचा आणि मोठ्याने स्वतःचं नाव सांगायचं. मी अमका, सोंग तुझं तुला. मग सगळे बापये म्हणणार, "व्हय म्हाराजा!" नाव सांगितलं की सोंग सुटलं. जुन्या काळी एक गवळण दारू पिऊन तशीच झोपली म्हणतात, नाव न सांगता. पुढे वर्षभर तो गडी नांगरामागे कमरेत लचकत चाले आणि बैल वळून वळून बघत. ही गोष्ट सांगून लोक हसतात. पण नाव सांगितल्याशिवाय अंथरुणाला पाठ त्यानंतर कोणी लावलेली नाही.

खळ्यातल्या सगळ्यांना निकाल पसंत पडला. रीतही राहिली, राधाही मिळाली. ऋत्विकसुद्धा म्हणाला, "बरं झालं, म्हणजे मी धाकूकाकांचीच वाट अडवणार." एकटी यमुनाबाई पुटपुटली, "मेल्यांनो, नाचायचं तिने आणि नाव त्याचं."

चिमा घरी आली, मांजराला कोळंबीची डोकी घातली आणि मुलीला फोन लावला.

मुलगी नम्रता जपानात. नागोयाजवळ एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करते. इथून तीन पोरी गेल्या, त्यातली ही एक. फोनवर तिच्या बाजूला बहुतेक वेळा एक म्हातारी बसलेली असे, चिमणीएवढी, पांढऱ्या केसांची. तोमी-सान. तिला चिमाची भाषा कळत नसे, चिमाला तिची, पण दोघी एकमेकींना बघून माना हलवत. त्या दिवशी चिमाने भागोजींचा निकाल सांगितला. नम्रताने तो म्हातारीला सांगितला. आणि एरवी पेंगणारी म्हातारी ताठ बसली.

"आई, ही काय म्हणते बघ. विचारते, तो तुझ्यात कुठून येतो? खांद्यातून की पायांतून?"

चिमाला जराही नवल वाटलं नाही. म्हणाली, "टाचेतून."

"हिचा मास्तर मानेतून यायचा म्हणे."

मग हळूहळू, नम्रता मधे थांबत, शब्द शोधत, म्हातारीची हकिकत बाहेर आली. त्या देशात काबुकी नावाचा खेळ आहे. चारशे वर्षांपूर्वी म्हणे एका बाईनेच तो सुरू केला, नदीच्या कोरड्या पात्रात नाचून. पुढे सरकारने बायकांना रंगमंचावरून उठवलं. मग पुरुष बाया झाले, पिढ्यानपिढ्या. इतक्या, की बाई कशी चालते ते ठरवणारे तेच. मोठं युद्ध संपल्यावर कुठेकुठे मुलींच्या मंडळ्या निघाल्या, त्यातल्या एकीत तोमी-सान होती, सतरा वर्षांची. शिकवायला पुरुष मास्तर. बाई कसं व्हायचं ते बाईला शिकवणारा. गावोगाव खेळ केले. लोक टाळ्या वाजवून म्हणत, अगदी पुरुषाने केलेल्या बाईसारखी करतेस!

"मग ही काय म्हणायची?" चिमाने विचारलं.

"वाकून आभार मानायची. हीच मोठी शाबासकी होती. मंडळी मोडली, लग्न झालं, परत कधी नाचली नाही. आई, हिला आता मुलांची नावं आठवत नाहीत. पण मी हिला धरून संडासला नेते ना, तेव्हा मधेच हिची मान वळते. अशी. आणि म्हणते, मास्तर आले. मला आधी हसू यायचं."

"आता?"

"आता मी बाजूला होते. वाट देते."

फोनमधली म्हातारी चिमाकडे बघत होती. ती काहीतरी बोलली, एकच वाक्य, आणि नम्रताने ते सांगायला वेळ घेतला. "म्हणते, मी एकदाही म्हटलं नाही की मी आहे."

त्यानंतरचे दिवस चिमाने कसे काढले ते तिलाच माहीत. शेडमध्ये कोळंबी सोलताना ती मनातल्या मनात दोन्ही नावं घेऊन बघायची. धाकूचं घेतलं तर सगळं सोपं. गाव खूश, भागोजी खूश. आणि मुख्य म्हणजे सोंग सुटणारच नाही, कारण ज्याचं नाव घेतलं तो तिच्यातच राहणार. टाचेत, बोटांत, पडवीतल्या वासात. जन्मभराची सोबत. पण मग ती मान? सरळ बघणारी? ती एवढीशी जागा फक्त तिची होती. तीही त्याच्या नावावर जमा होणार. आणि आपलं नाव घेतलं तर जागा तिची, पण रिवाज रिवाज आहे. सोंग सुटेल. तो जाईल.

एकदा तिने रिकाम्या पडवीला विचारूनही बघितलं. "काय करू?" वास आला, नेहमीसारखा. उत्तर नाही. जिवंतपणीही धाकू घरातल्या गोष्टीत असाच होता. विचारलं की बिडी पेटवणारा.

शिमग्यात पालखी सहाणेवर बसली त्या दिवशी खेळ उन्हं कलताना लावला. मुंबईकर आले होते, मोबाइल वर धरलेले. भागोजींनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवी म्हाराजा, तुजा धाकू आज बायकोच्या अंगी येऊन तुजी सेवा करतोय, ती गोड मानून घे म्हाराजा!" बापये गरजले, "व्हय म्हाराजा!"

चिमा आत आली आणि गर्दीत एक सुस्कारा फिरला. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. मृदंग आणि टाच ह्यांत केसाचं अंतर राहिलं नाही. कोणीतरी मागून शिट्टी मारली, धाकूला वर्षानुवर्षं मारायचा तशी. तिला स्वतःला वाटत होतं, आपण मागे कंदील धरून उभ्या आहोत आणि पुढे तो नाचतोय. असं सुख तिला लग्नात झालं नव्हतं. मग कृष्ण आडवा आला. तिची मान वर राहिली. त्या एका क्षणापुरता कंदील कोणाच्याच हातात नव्हता. ऋत्विकला त्या नजरेपुढे आपलं पुढचं वाक्य आठवेना आणि पेंद्याने ते त्याच्या वतीने म्हटलं.

खेळ संपला. चिमा घामाने निथळत पालखीपुढे गेली. टोप काढायला हात डोक्याकडे गेले आणि थांबले. टोप नव्हताच. केस तिचेच होते. तिने अंबाडा सोडला. केस पाठीवर पडले. भागोजी हात जोडून वाट बघत होते. ओठांनी ते तिला नाव सुचवतही होते, शाळेत मास्तर सुचवतात तसं.

तिच्या खांद्यामागे वास होता. ग्लिसरीन आणि बिडी. अगदी जवळ.

"मी चिमा," ती म्हणाली. "सोंग तुझं तुला."

व्हय म्हाराजा कोणी म्हटलं नाही. भागोजींचे जोडलेले हात तसेच राहिले. बायका गाऱ्हाण्याला कधी हुंकार देत नाहीत, तो मान बापयांचा. तरीही बाजूच्या घोळक्यातून यमुनाबाईचा चिरका आवाज आला, "व्हय म्हाराजा!" मग आणखी एक बाई. मग चार. बापये काही म्हणाले नाहीत. भागोजींनी पालखीकडे बघितलं, मग त्यांनी अंगाऱ्याची चिमूट तिच्या पुढे केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमा उठली, चूल पेटवली, मागच्या दारी तोंड धुतलं, पडवीतून चुलीकडे निघाली. मधेच थांबली. परत दारापाशी गेली आणि पुन्हा चालली. टाच धपकन पडत होती, दोन्ही कडा एकदम. पाय सपाट, दमलेले, कोळंबीच्या शेडमधल्या बाईचे. मग तिने मुद्दाम राधेची चाल धरली. बाहेरची कड, मग आतली, कंबर, बोटं. सगळं बरोबर होत होतं. तिला सगळं येत होतं. फक्त कोणी येत नव्हतं. वास नव्हता. पडवी चुन्याचा आणि कोंबड्यांचा वास मारत होती, घराने मारावा तसा.

ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तिच्या तोंडातून आवाज फुटला. असा, की कोंबड्या उडाल्या.

यमुनाबाई खराटा टाकून धावत आली. "काय गो? काय झालं? कोण काय बोललं काय तुला?"

"धाकू गेला," चिमा म्हणाली.

यमुनाबाई दिवसकार्याला तिच्या शेजारी बसली होती. दोन वर्षं झाली त्याला. तरी मयताच्या घरी बसतात तशी ती भिंतीशी मांडी घालून बसली आणि चिमाचं डोकं मांडीवर घेतलं. उन्हं वर आल्यावर उठली, चिमाच्या चुलीत पेटत असलेली लाकडं ओढून त्यांवर पाणी मारलं, कारण अशा घरी त्या दिवशी चूल पेटवायची नसते. आणि आपल्या घरून पिठलं-भात झाकून घेऊन आली.